टॉवेलाखालचा हात

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गहिनीनाथला सगळे 'मुका दलाल' म्हणायचे. तो मुका नव्हता, बहिरा होता. चार वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले आणि बोलणंही तिथंच राहून गेलं. आवाज मात्र होता. बैल बुजला की तो असा हाकारा घालायचा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची माणसं वळून बघायची. पण आमच्या गावानं एकदा कुणाला नाव पाडलं की ते पुन्हा तपासून बघायची पद्धत नाही. मीही त्याच गावचा. मी त्याला मुक्याच म्हणायचो, आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून तोंडावर म्हणायचो.

मी मच्छिंद्र. त्र्याण्णव साली काष्टीतल्या एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरांचं नाव घेत नाही. ते आता हयात नाहीत आणि मेलेल्या माणसाशी भांडण्यात मजा नाही. ते जिवंत होते तेव्हा मी भांडलो नाही, हे खरं दुखणं आहे.

ज्यांनी काष्टीचा बैलबाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल घेणाऱ्याच्या हातावर टाकतो, त्याखाली आपला हात घालतो आणि बोटं धरून भाव चालतो. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. हजार की शंभर, ते आधी पक्कं करून घेतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना नुसता हलणारा टॉवेल दिसतो. कोणी किती मागितले, कोण कुठवर उतरला, हे त्या दोन हातांबाहेर जात नाही. ज्याच्या टॉवेलाखालचं बाहेर फुटतं त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही, आणि तो धंद्यातून उठतो.

इतर सगळीकडं लोक गहिनीनाथशी ओठ वाकडे करून, लहान पोराला समजावावं तसं बोलायचे. टॉवेलाखाली तो कोणाहून कमी नव्हता. समोरच्याच्या हाताला घाम सुटला की त्याची नड किती आहे हे त्याला कळायचं, पण त्या घामाचा फायदा त्यानं कधी उचलला नाही, असं जुने व्यापारी सांगायचे. त्याच्याकडून कधी काही फुटलंही नाही. त्यावर टवाळी व्हायची की मुका काय फोडणार. ती टवाळी खोटी होती. फोडायचं असतं तर त्याला बोटं होती आणि त्याच्या बोटांचं बोलणं करून सांगणारी बायको होती.

बायको केशरबाई. लग्नानंतर वर्षभरात तिनं त्याच्या खुणा उचलल्या आणि त्यात आपल्याही घातल्या. गावातल्या प्रत्येक माणसाला त्या दोघांनी खूण ठेवली होती. कोणाची मिशी, कोणाचं लंगडणं. माझी खूण होती दंडावर सुई टोचायची. चावडीपुढून ती दोघं हातानं बोलत चालली की पोरं मागून नकला करायची, आणि मोठी माणसं त्या पोरांना हसायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर गहिनीनाथ खोकायला लागला. दोन महिने खोकला हटेना, अंग वाळत चाललं. तेव्हा केशरबाई त्याला घेऊन आमच्याकडं आली. बरोबर थोरला भाऊ कारभारी होता. कारभारी सोसायटीवर होता, डॉक्टरांच्या उठण्याबसण्यातला.

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांची खोली आणि पेशंटचे बाक यांच्यात एक हिरवा पडदा होता. पडद्यानं दिसायचं बंद व्हायचं, ऐकू यायचं बंद व्हायचं नाही. डॉक्टरांनी गहिनीनाथच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "खोकला कधीपासून आहे? बेडक्यातून रक्त पडतं का?"

बाहेरच्या बाकावरच्या वीस माणसांनी ते ऐकलं. ज्याला विचारलं होतं तो डॉक्टरांच्या दातांकडं बघत राहिला.

केशरबाईनं हात हलवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे हातवारे बाहेर करा. घरातला शहाणा माणूस कोण आहे?"

कारभारी पुढं सरकला. केशरबाईला बाहेर बसवलं. नवऱ्याच्या अंगाला काय होतंय हे ज्या एका माणसाला त्याच्याकडून नीट कळत होतं, त्या माणसाला आम्ही पडद्याबाहेर काढलं. मीच तिला हात करून दार दाखवलं होतं.

दौंडला जाऊन एक्सरे काढला, बेडका तपासला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी एकट्या कारभाऱ्याला आत बोलावलं. गहिनीनाथ बाहेर बाकावर होता. स्वतःच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून तो एकेक बरगडी न्याहाळत होता, आणि शेजारचे चौघे माना वाकड्या करून त्याच्याबरोबर बघत होते.

"टीबी आहे," डॉक्टर या वेळी दबक्या आवाजात म्हणाले. "सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. भांडी वेगळी ठेवा."

"त्येला काय सांगू?" कारभाऱ्यानं विचारलं.

"त्याला काय सांगणार तुम्ही? ताकदीच्या गोळ्या आहेत म्हणा. उगाच घाबरायचा."

"अन् त्येच्या बायकूला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

कारभाऱ्यानं बघितलं ते असं की बाईमाणसाला सांगितलं तर ती पोरं घेऊन माहेर गाठील. म्हणून तिला फक्त भांडी वेगळी करायला लावली आणि नवऱ्याचं अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत टाकायला सांगितलं. का, ते नाही. गोळ्यांच्या पुड्या मी बांधून दिल्या. त्यावर दोन शब्द लिहिले असते, एखादं चित्र काढलं असतं, तर माझं काही जाणार नव्हतं. पण मला सांगितलं नव्हतं, म्हणून मी केलं नाही. नोकरमाणसाचं हे नेहमीचं बोलणं आहे आणि ते ऐकून आता मला माझाच संताप येतो.

पण मी न सांगितलेलं एक काम त्याच संध्याकाळी केलं. कोंडीरामच्या हॉटेलात चहाला गेलो. गहिनीनाथ नुकताच चहा पिऊन उठला होता. कोंडीराम त्याची कपबशी बादलीत नुसती बुचकळत होता. मी म्हणालो, "ती जरा उकळून घे."

एवढंच. कोंडीरामनं माझ्याकडं बघितलं. मी छातीवर बोटं टेकवली. तो दिवस गुरुवारचा. शनिवारी बाजार भरला तेव्हा गहिनीनाथचं दुखणं ज्याला ठाऊक नाही असं काष्टीत एकच माणूस उरलं होतं, फार तर दोन.

त्या शनिवारी त्यानं एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हातावर टॉवेल टाकला. व्यापाऱ्यानं हात काढून घेतला. दुसऱ्यानं त्याला लांबूनच नमस्कार केला. तिसऱ्यानं टॉवेल काठीनं उचलून त्याला परत दिला. तोंडानं कोणी काही बोललं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं, पण कोणी बोलण्याचीही तसदी घेतली नाही.

आता त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते बघा. आपल्याला वाटेल, माणूस विचार करील की माझा खोकला बघून हे लांब झाले. पण खोकला त्याच्या लेखी नुसता अशक्तपणाचा होता, ताकदीच्या गोळ्यांनी जाणारा. त्याच्या धंद्यात हातात हात न देण्याचं कारण एकच असतं. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्यावर आळ घेतलाय. आपण कोणाचा भाव फोडला असं बाजारात पसरलंय. आपल्याला चोर ठरवलंय.

पुढचे चार महिने तो माणूस आपण चोर नाही हे पटवत फिरला. व्यापाऱ्यांच्या घरी जायचा, अंगणात उभा राहायचा, गळ्याला हात लावून शपथेची खूण करायचा. ते दारातूनच मान हलवायचे आणि चहाचं विचारायचे नाहीत. एकदा केशरबाईला घेऊन थेट शनिशिंगणापूरला गेला. ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथं जाऊन शपथ घेतली म्हणजे तरी काष्टीकर मानतील, असा त्याचा हिशोब. ओलेत्यानं तेल वाहिलं, काळा दोरा मनगटाला बांधला आणि पुढच्या शनिवारी बाजारात प्रत्येकापुढं ते मनगट धरलं. लोक मागं सरकले. कोंडीरामच्या हॉटेलात त्यावर हसणं झालं. मी त्या बाकावर होतो. मीही हसलो. मग बिल देऊन निघालो आणि घरी जाऊन जेवलो.

गोळ्या त्यानं दुसऱ्या महिन्यातच सोडल्या होत्या. खोकला थांबला, भूक लागायला लागली, मग ताकदीच्या गोळ्या घेऊन करायचं काय. कारभाऱ्यानं एकदा पुडी दाखवून डोळे वटारले, त्यानं दंड फुगवून दाखवला. संपलं. ह्याला त्या दोन भावांमध्ये समजावून सांगणं म्हणत होते.

मधे केशरबाई एकदा मला दवाखान्याच्या मागं गाठायला आली होती. म्हणाली, "मच्छिंद्रभाऊ, खरं सांगा, ह्यांना काय झालंय? भांडी येगळी कशापायी?"

"मला काय म्हाईत. डॉक्टरला इचारा."

"डॉक्टर म्हनत्यात घरच्या कर्त्या मानसाला सांगितलंय."

"मंग त्येलाच इचारा की."

कोंडीरामला मी न विचारता सांगितलं होतं. हिनं विचारलं तर मी कानावर हात ठेवले. दवाखान्यातली गोष्ट बाहेर सांगू नये, हा नियम मला त्या दिवशी अचानक आठवला.

आखाडात गहिनीनाथला रक्त पडलं. केशरबाई त्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. ह्या वेळी कारभाऱ्याला तिनं बोलावलंच नाही. बाक भरलेले होते. डॉक्टर पडद्याबाहेर आले, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तिथंच तिच्यावर ओरडले, "गोळ्या कोणाला विचारून सोडल्या? टीबीच्या माणसानं गोळ्या सोडल्या की काय होतं कळतं का तुम्हाला? आता आठ महिने लागतील, नव्यानं."

"कंचा टीबी?" केशरबाई म्हणाली.

"कारभाऱ्याला मी सगळं सांगितलं होतं."

"रोग ह्यांच्या छातीत. मंग थोरल्यांना का सांगितलं?"

"बाई, त्याला ऐकू येत नाही."

"मला येतंय की."

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो ते रुमालानं पुसायला लागले.

टीबीला त्या दोघांच्या भाषेत खूण नव्हती. केशरबाईनं नाकावर मोठ्या नथीची खूण केली. नथ म्हणजे भीमाबाई, त्यांच्या गल्लीतली, तीन वर्षांमागं खोकून खोकून गेलेली. मग तिनं छातीवर मूठ आपटली, खोकल्यागत वाकली आणि शेवटी बोट नवऱ्याच्या छातीला लावलं.

गहिनीनाथनं आधी तिच्याकडं बघितलं, मग बाकांवरच्या माणसांकडं. वीसेक तोंडं होती. त्यात नवल वाटलेलं एकही नव्हतं. कोणी खाली बघत होतं, कोणी खिडकीबाहेर. त्याला कान नव्हते, पण तोंडं वाचायचाच तर त्याचा धंदा होता.

त्यानं बायकोकडं वळून चोराची खूण केली आणि ती हातानं पुसून टाकल्यासारखं करून भुवया उंचावल्या. म्हणजे चोर नाही ना? तिनं मान हलवली, नाही. तेव्हा तो हसला. आपल्याला जीवघेणा रोग आहे हे कळल्यावर दुसऱ्या क्षणाला माणूस हसला, कारण आपल्याला कोणी चोर समजत नव्हतं. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते हसणं गेलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डॉक्टरांच्या हातावर टाकला. त्याला विचारायचं होतं, त्याच्या पद्धतीनं, चारचौघांत पण चारचौघांना न कळता. डॉक्टरांनी पाल पडल्यासारखा हात झटकला. "काय चाललंय हे? मच्छिंद्र, याला बाजूला घे."

तो माझ्याकडं वळला. टॉवेल माझ्यापुढं धरला. मी हात घातला. का घातला ते मला आजही सांगता येणार नाही. त्याचा हात तापानं कढत होता.

मोकळ्या हातानं त्यानं गोळी तोंडात टाकायची खूण केली, मग आभाळाकडं चंद्राची. किती महिने? मी त्याचा पंजा धरला, मग तीन बोटं. आठ. त्यानं मान हलवली, माझी तीन बोटं धरून, पंजा धरून परत मोजून घेतली. ऐंशी गोळ्यांच्या पुड्या बांधून जे समजावलं गेलं नव्हतं ते त्याला पाव मिनिटात समजलं.

मग त्यानं बाकांकडं हात फिरवला आणि ओठांवर बोट आपटलं.

"पयलं कुनी सांगितलं म्हनत्यात," केशरबाई म्हणाली.

मी कारभाऱ्याचं नाव सांगू शकलो असतो. डॉक्टरांकडं बोट करू शकलो असतो, ते ओरडतात हे जगजाहीर होतं. केशरबाई माझ्याकडं बघत होती. मी त्याचं एक बोट धरलं आणि टॉवेलासकट ओढून माझ्या छातीला लावलं.

त्यानं बोट थोडा वेळ तिथंच ठेवलं. मग टॉवेल ओढून घेतला, बाकावरच्या माणसांच्या तोंडापुढं खाडकन झटकला आणि खांद्यावर टाकला. दारातून जाताना त्यानं बायकोला माझ्याकडं बोट करून नवी खूण दाखवली. जीभ बाहेर काढायची आणि ती चिमटीत धरायची. दंडावरची सुई त्या दिवशी गेली. त्यानंतर त्या घरात माझी खूण तीच.

आमच्या दवाखान्याची पायरी तो पुन्हा चढला नाही. नगरच्या सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या आणायचा. तिथं एक नर्सबाई होती, ती म्हणे केशरबाईला जवळ बसवून बोलायची, पण बघायची त्याच्याकडं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्यावर गोळ्या काढून द्यायची. फार मोठं काही नाही. आमच्याकडंही कॅलेंडर होतं. औषध कंपनीचं, गुळगुळीत कागदाचं.

मी मात्र नोकरी सोडली नाही. लोकांना वाटतं, माणसाला पश्चात्ताप झाला की तो काहीतरी करतो. मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दवाखाना उघडला.

त्या हिवाळ्यात माझ्या मांडीवर एक फिकट चट्टा दिसला. टाचणी टोचून बघितली, कळेना. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. काष्टीत तोंड उघडायची सोय नव्हती. आमच्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर तो हिरवा पडदा आणि त्यांचा आवाज. श्रीगोंद्यात ओळखीचे फार. बायकोला दौंडला जातो म्हणालो आणि पहाटेच्या एसटीनं नगर गाठलं.

सरकारी दवाखान्यात टीबीची आणि कुष्ठरोगाची खोली एकाच व्हरांड्यात शेजारी शेजारी होती. मी मफलर तोंडावर घेऊन ओळीत उभा होतो. समोरच्या बाकावर गहिनीनाथ एकटा बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेल्या पाटीकडं बघितलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण पाटीवर चट्टा असलेल्या हाताचं चित्र होतं. केशरबाई खिडकीशी पाठमोरी गोळ्या घेत होती. ती वळायच्या आत तो उठला, तिच्या दंडाला धरलं आणि तिला दुसऱ्या दारानं घेऊन गेला.

त्यानंतर मी किती झोपलो असेन ते मला माहीत.  कोंडीराम माझा कप कुठल्या बादलीत बुचकळतो ते मी बघत राहायचो. न्हावी नवं ब्लेड काढायचा तरी मी आरशात त्याचं तोंड निरखायचो. माझी पोरगी त्या वर्षी लग्नाची होती. नुसतं कोणी छातीवर, नाहीतर मांडीवर बोट टेकवलं असतं तरी तिचं जमणं संपलं असतं. मला गहिनीनाथचा राग यायचा. याच्या हातात मी सापडलो याचा राग, आणि तो एकदाचं सांगून का टाकत नाही याचाही राग.

उन्हाळ्यात पोरीचं जमलं. लग्नासाठी गाय विकायची ठरली. गहिनीनाथ तोवर बरा होऊन बाजारात परत आला होता. काही व्यापारी आता हात देत होते, काही अजूनही नाही. माझ्या गायीचं गिऱ्हाईक नेमकं त्याचंच निघालं. गिऱ्हाइकाकडून तो माझ्याकडं आला. भोवती माणसं होती, कोंडीरामही होता. त्यानं माझ्या हातावर टॉवेल टाकला.

मी हजार धरायला बोट पुढं केलं. त्यानं मान हलवली, भाव नव्हे. डाव्या हातानं ओठांना बोट लावलं, मग बाजारभर हात फिरवला. हीच खूण त्यानं दवाखान्यात केली होती. कितीजणांना ठाऊक आहे, असं तो विचारत नव्हता. तो सांगणार होता.

टॉवेलाखाली त्यानं माझं एकच बोट धरलं आणि ते ओढून स्वतःच्या छातीला टेकवलं. एक. माझा रोग ठाऊक असलेला तो एकटाच, बायकोही नाही.

माया नव्हती त्यात. त्याच्या डोळ्यांकडं बघून कोणालाही कळलं असतं. मला शरम वाटावी म्हणून त्यानं ते केलं, आणि वाटली. नंतर त्यानं भाव केला, वाजवी केला, दोन्हीकडून आपली ठरलेली दलाली घेतली आणि गाय सोडून नेली.

माझा चट्टा औषधानं गेला. पोरगी तिच्या घरी सुखात आहे. काष्टीत त्या रोगाचं कोणाला काही कळलं नाही. आज मी स्वतः सांगतोय म्हणून तुम्हाला कळतंय.

गहिनीनाथ अजून शनिवारी बाजारात असतो. मी दिसलो की तो केशरबाईला कोपरानं ढोसतो, जीभ बाहेर काढतो आणि चिमटीत धरतो. ती खूण त्यानं कधी बदलली नाही.